बोलून राहिला

काकाजी कुठल्याही लाकडासमोर उभे राहिले, की आधी खांद्यावरचा दुपट्टा नीट करायचे. देवळात जाताना करतात तसा. मग उजव्या हाताची दोन बोटं वाकवून टक्‌टक्‌ वाजवायचे, डोळे मिटायचे आणि कान लावायचे. तेवढा वेळ आपण मुकाट उभं राहायचं. मग डोळे उघडून, परगावच्या सोयऱ्याची खुशाली कळवावी तसे म्हणायचे, "बोलून राहिला."

दार असो, खाट असो, बंडीचं चाक असो, सगळं त्यांच्या लेखी 'बोलून राहिला', म्हणजे बोलतोय. सगळा पुरुषवर्गच.

माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मात्र असं काही म्हणाले नाहीत, आणि आमची ओळख झाली ती भांडणानंच. लाखनीत हायवेला लागून माझं फर्निचरचं दुकान आहे. समोरून दिवसभर ट्रक धडधडतात, त्यामुळे मला मोठ्यानं बोलायची सवय आहे आणि बायको म्हणते तसं, मोठ्यानं रागावायचीही. काकाजींचा मुलगा नव्या घरासाठी पलंग बघायला आला होता. पलंग त्याला पसंत पडला. मी गिऱ्हाइकाला चहा सांगितला. तेवढ्यात सोबतचा हा म्हातारा पुढे झाला, दुपट्टा नीट केला, पलंगाच्या उशाशी वाकला आणि टक्‌टक्‌ केलं. कान लावला. बराच वेळ लावला. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"हा नाही बोलत जी," ते म्हणाले.

"काकाजी, तो पलंग आहे, रेडिओ नाही," मी म्हणालो.

"तेच तं! मुका हाय. रातभर मुक्या माणसाजवळ कसा झोपंल पोरगा?"

प्लायचा पलंग होता. वर सनमायका. आता प्लाय बोलत नाही हे मलाही माहीत आहे, पण भर दुकानात, दुसरी दोन गिऱ्हाइकं उभी असताना हे सांगायचं काही काम होतं का? मी तडकलो. म्हणालो, अख्ख्या जिल्ह्यात आता सगळे मुक्याजवळच झोपतात, कोणाची तक्रार नाही. काकाजी हसले. दात कमी होते, पण हसू भरपूर होतं. "रागावू नका शेटजी. आमच्या गावाले या. बोलणारा दाखवतो."

पलंग काही गेला नाही. चहा मात्र पिऊन गेले.

मी गेलो तो स्वार्थानं, हे सांगून टाकतो. त्या भागात पूर्वी सागवानाची मोठी कामं चालत. जंगलात कूप पडायचे, म्हणजे ठरवून दिलेल्या पट्ट्यात झाडांची तोड व्हायची, आणि गावंच्या गावं त्या कामावर जायची. अशा गावांत जुनी दारं, जुन्या चौकटी हमखास असतात, आणि शहरातल्या लोकांना हल्ली जुन्या दारांचं वेड लागलंय. ते दारं भिंतीला टांगतात म्हणे. उघडत नाहीत, लावत नाहीत, नुसती टांगतात.

वाटेतलं सानगडी गाव मागे पडलं, की रस्ता हळूहळू आवाज सोडत जातो. आधी हॉर्न जातात, मग माणसं जातात. मग दोन्हीकडे नुसत्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, कापणी झालेल्या, आणि त्यांच्या कडेच्या धुऱ्यांवर, बांधांवर, उभे मोह, पळस, बेहडे. पलीकडे जंगलाची निळी रेघ. ती जवळ येतेय की आपण तिच्याकडे जातोय ते समजत नाही. तलावावर धुकं बसलेलं होतं आणि धुक्यातून कोणीतरी म्हशीला हाका मारत होतं. म्हैस दिसत नव्हती, माणूस दिसत नव्हता. मी गाडी थांबवली आणि उगाचच थोडा वेळ ऐकत बसलो. ट्रकांच्या गावातला माणूस मी, एवढी शांतता मला जरा चढलीच.

काकाजींनी मला घरोघरी नेलं. माणसांशी ओळख करून देतील तर शपथ! ओळख दारांशी. एकेका दारापुढे उभे राहायचे, टक्‌टक्‌ करायचे. आतून बाई ओरडायची, "कोन हाय?"

"कोनी नाही व बाई, दारालेच भेटून राहिलो."

"भेटा, भेटा," म्हणून आतली बाई परत चुलीकडे. गावाला याची इतकी सवय, की खरा पाहुणा आला तर त्याला बाहेरच ताटकळत राहावं लागत असेल.

तरुणपणी काकाजी कुपात लठ्ठे ओढायला होते. रेड्यांची जोडी घेऊन डोंगरउतारावरून लठ्ठा खाली आणायचा, गाडीवर चढवायचा, डेपोत टाकायचा. पावसाळा आला की जंगल बंद, मग घरच्या बांधीत रोवणा, धानाची लावणी. अर्धं आयुष्य चिखलात आणि अर्धं भुशात गेलं, असं ते म्हणत. डेपोत त्यांच्याकडे आणखी एक काम यायचं. लठ्ठा ठोकून बघायचा. भरीव असला तर तो ठणकन वाजायचा, म्हणजे 'बोलायचा'. आतून पोखरलेला असला तर नुसता ढब्ब आवाज. तसा लठ्ठा निघाला, की काकाजी काही न बोलता पुढच्याकडे जायचे, आणि मागचे लोक समजून तो जळाऊच्या ढिगात लोटून द्यायचे. "पोकळ" हा शब्द त्यांनी तोंडानं कधी उच्चारला नाही. मी विचारलं, काहून?

"त्याच्या तोंडावर कसा म्हनाव जी?" ते म्हणाले.

त्या गावातून मी एकही दार आणलं नाही. ज्या दाराला माणूस भेटायला येतो ते विकत मागायची हिंमत होईना. धंद्याची अशी माती करून मी घरी आलो. बायकोनं विचारलं, काय आणलं? म्हटलं, सिंगाडे.

त्यानंतर मी जात राहिलो. काम नसताना जायचो. बायको म्हणायची, "तिकडे दुसरं घर केलंय का?" एका अर्थी केलंच होतं.

काकींना मी पहिल्या खेपेलाच पाहिलं होतं. ओसरीत खाटेवर बसलेल्या, गोऱ्या, ठेंगण्या, हात मांडीवर. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. काकाजी सहज म्हणाले, "थे जरा गावाले गेली हाय. येते वापस."

त्यांचं ते सांगणंच तसं. आधी काकी भाजीत मीठ टाकायचं विसरल्या. मग बाजारातून घरी यायची वाट विसरल्या. मग मुलाला "तू कोनाचा गा?" असं विचारलं, आणि तो तरणाताठा माणूस गोठ्यात जाऊन रडला. पुढे बोलणंच गेलं. नवऱ्याचं नाव विसरल्या की नाही हे कळायला मार्ग नव्हता, कारण ते त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं. ते आले, ते गेले, ते जेवून राहिले, एवढ्यावर संसार झालेला.

काकाजी रोज त्यांची वेणी घालायचे. कुपातला रांगडा माणूस, जाड बोटांचा, पण वेणी अशी बारीक घालायचा की सून लाजायची. वेणी झाली, की तीच दोन बोटं वाकवून काकींच्या पाठीवर हळूच टक्‌टक्‌ करायचे आणि कान लावायचे. सून मान फिरवायची. मीही तलावाकडे पाहायचो. ते "बोलून राहिला" म्हणायचे नाहीत. पण पुढच्या लठ्ठ्याकडेही जायचे नाहीत. तसेच कान लावून बसायचे.

मग एकदा फागुनात त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. "मोहफुलं पडून राहिली जी. सकाळी या. काकी घरी येनार हाय."

मला वाटलं, म्हातारा आता स्वतःही भरकटला. तरी गेलो.

पहाटेचं सांगतो. मोहाचं फूल आपण कोणी तोडत नाही. ते स्वतःहून पडतं, उजाडायच्या सुमाराला. काकाजींच्या बांधीच्या धुऱ्यावर, तलावाच्या पाळीला लागून एक जुना मोह होता. एवढा मोठा, की त्याच्या बुंध्याला मी आणि काकाजी मिळूनही कवळ घालू शकलो नसतो. खालचा पाचोळा जाळून जागा स्वच्छ केलेली. वर पानं जवळजवळ नाहीत, आणि त्या उजाड फांद्यांतून पिवळट, मऊ, रसानं भरलेली फुलं टप्‌ टप्‌ पडत होती. वास असा, की पिकलेलं काहीतरी, गोड काहीतरी, थोडं आंबूस काहीतरी आपल्या अंगावरच शिंपडलंय. पाळीवरचं धुकं त्या वासानं जड झाल्यासारखं वाटत होतं. मी न पिता झुलत होतो, आता हसा.

सुनेनं काकींना आणून झाडाखाली बसवलं. बराच वेळ त्या नुसत्या बसल्या. मग एक फूल पदरावर पडलं. त्यांनी ते उचललं. मग दुसरं. आणि मग, मंडळी, ती बाई वेचायला लागली! दोन्ही हातांनी, झपझप. पहिली ओंजळ झाडाच्या बुडाशी ठेवली, जशी तिकडची रीत आहे, आणि मग टोपलीत भरू लागली. भिंतीकडे बघणारे ते डोळे पार बदलून गेले होते.

आणि आता काकाजींनी काय करावं? ते उठले, आणि सरळ त्या फुलांवरून चालत गेले. पचपच आवाज आला. मी दचकलो. मोहफूल पायाखाली घेणं म्हणजे त्या गावांत अन्नावर पाय देणं. पोरंसुद्धा उडी मारून जातात. आणि हा म्हातारा मुद्दाम, टाचा रोवून, इकडून तिकडे फिरतोय!

काकींनी मान वर केली. कपाळाला आठी घातली.

"बाजूले व्हा नं जी! दिसत नाही का, फुलं खुंदून राहिले!"

स्वच्छ, खणखणीत आवाज. घरच्या बाईचा. काकाजी ताबडतोब बाजूला झाले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं. माझ्याजवळ येऊन बसले ते हसतच.

"वर्षभर मले कोनी रागावत नाही शेटजी," ते म्हणाले. "इथंच रागावते. या झाडाखाली. फागुनातच. दुसरीकडं फुलं नेऊन टाकली, दुसऱ्या मोहाखाली बसवून पाह्यलं, नाही. हेच झाड पायजे तिले. लगन होऊन आली तवापासून हेच वेचते नं."

तेवढंच वाक्य. त्यानंतर काकी पुन्हा गप्प झाल्या, पण हात चालू होते. मी माझ्या आयुष्यात बायकोचं रागावणं पुष्कळ ऐकलंय आणि त्यावर कुरकुरही पुष्कळ केली आहे. त्या दिवशी घरी गेलो आणि चपला घालूनच स्वयंपाकघरात शिरलो. जे ऐकायचं ते ऐकलं, आणि बरं वाटलं.

पुढच्या थंडीत त्या मोहाची एक मोठी फांदी कडाडून खाली आली. खाली पायवाट होती, बायका तिथून तलावावर जायच्या. नशीब, तेव्हा कोणी नव्हतं. फांदीच्या मोडलेल्या तोंडात नुसता भुसा. गावात चर्चा सुरू झाली, की झाड आतून गेलंय, पाडून टाकावं. मुलाचंही तेच मत. त्याचं काही चुकत नव्हतं. उद्या कोणाच्या डोक्यावर पडलं म्हणजे?

झाडाखालीच सगळे जमले. सरपंचबाई आल्या, म्हातारे आले, मुलगा आला. मलाही बोलावलं होतं, कारण पाडलंच तर लाकूड उचलायला कोणीतरी हवं. सरपंचबाई शहाण्या. म्हणाल्या, "उगा वाद कायले? काकाजी हायत नं. अख्ख्या डेपोचे लठ्ठे त्यांनी पारखले. थे सांगतीन ते करू."

झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकाजी मात्र जागचे हलेनात. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. उभ्या आयुष्यात या माणसानं लाकडाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावर माझ्या पलंगाला मुका म्हणणारा माणूस! आणि समोर त्यांचं फागुनातलं ते एक वाक्य उभं होतं.

ते पुढे झाले. दुपट्टा नीट केला. बोटं वाकवली.

ढब्ब.

लहान पोरालाही कळेल असा आवाज. रिकाम्या कणगीवर हात मारावा तसा. तलावाच्या पलीकडेही ऐकू गेला असेल. काकाजींनी डोळे मिटून कान लावला. कान लावून असे उभे राहिले, की मला वाटलं आता हे काहीच न बोलता पुढे चालू लागतील, आणि मग संपलं.

त्यांनी डोळे उघडले. कोणाकडेही न बघता म्हणाले, "बोलून राहिला."

कोणी खोकललं नाही. कोणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकानं तो ढब्ब ऐकला होता, आणि फागुनात त्या झाडाखाली काय होतं तेही प्रत्येकाला माहीत होतं. सरपंचबाईंनी पदर सारखा केला. "ऐकलं नं सगळ्यायनं? बोलून राहिला म्हनतेत. बोलत्या झाडाले कसं पाडाव? वाट दुसऱ्या अंगानं काढू. वरच्या जड फांद्या तेवढ्या उतरवू." मुलानं बापाकडे पाहिलं. मग कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी जड फांद्या त्यानंच उतरवल्या, आणि झाडाभोवती बांबूचं कुंपण घातलं ते बापलेकांनी मिळून.

वाटेत काकाजी मला म्हणाले, "खोटं बोललो जी."

मी म्हणालो, "काकाजी, मी रोज बोलतो. सनमायक्याला सागवान म्हणतो."

"तुमचं पोटासाठी हाय," ते म्हणाले. मग थोडं चालून गेल्यावर, "माहंबी तसंच समजा."

त्या फागुनात काकी पुन्हा रागावल्या. मी तिथे नव्हतो, पण काकाजींनी मुलाच्या फोनवरून मला कळवलं. "आली होती घरी," एवढंच म्हणाले, आणि फोन बंद कसा करायचा ते माहीत नसल्यामुळे बराच वेळ मला त्यांच्या गावची पाखरं ऐकू येत राहिली. मीही बंद केला नाही.

रोवण्याच्या दिवसांत ते गेले. बांधीच्या धुऱ्यावर बसले होते, पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पेंडी हातात होती, आणि तसेच आडवे झाले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. काकी ओसरीत होत्या. वेणी सुनेनं घातलेली, सैल. माझ्यामागच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांना कोणी सांगितलं का, सांगितलं तर काय कळलं, मी विचारलं नाही.

घरातून निघताना मी चौकटीवर टक्‌टक्‌ केलं. आतून सून सवयीनं म्हणाली, "कोन हाय?" आणि तोंडावर पदर धरला.

यंदा फागुनात मी परत गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. मोहाच्या वासावर गेलो म्हणा. तेच धुकं, तीच पाळ, कुंपण थोडं कललेलं, आणि आत तो म्हातारा मोह, अर्ध्या फांद्यांचा, तरी फुलं टाकतच होता. सुनेनं काकींना बसवलं. म्हणाली, "मागच्या फागुनापासून एक शब्द नाही जी."

पदरावर फूल पडलं. काकींनी उचललं. दुसरं उचललं. पहिली ओंजळ बुडाशी ठेवली. हात चालू झाले. मला वाटलं, चला, एवढं तर राहिलं.

मग त्यांचे हात मंदावले. त्या आपल्या आजूबाजूची जमीन बघायला लागल्या. एकाही फुलाला धक्का लागलेला नव्हता. सगळी जशीच्या तशी, टपोरी. त्या बघतच राहिल्या. काहीतरी चुकत होतं आणि काय चुकतंय ते त्यांना सापडत नव्हतं. मला ते बघवेना. मी उठलो आणि त्या फुलांवरून चालत गेलो. टाचा रोवून. पचपच आवाज झाला. सून "अगा माय!" म्हणाली.

काकींनी मान वर करून मला पाहिलं. नीट पाहिलं. कपाळाला आठी आली नाही. परक्या माणसाला काय रागवायचं? त्यांनी पदर आवरला, माझ्या पायांना वळसा घातला आणि झाडाजवळ गेल्या.

झाडापुढे उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. उजव्या हाताची दोन बोटं वाकवली.

ढब्ब.

त्यांनी कान लावला. डोळे मिटले. सून पुढे झाली, "आई, काय करून राहिल्या? चला, बसा इकडं."

काकींनी डोळे न उघडताच हात वर केला आणि तिला थांबवलं.

"चूप व. बोलून राहिले."

सून जागच्या जागी खाली बसली. मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि फुलांच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.